माझे भावोजी, गफलतनाथ

ज्या मुलांनी माझी पुस्तकं वाचली आहेत त्यांना गफलतनाथ म्हटलं की उंच टोपी, पिंजारलेली दाढी आणि ऐन वेळी मंत्र चुकणारा म्हातारा मांत्रिक डोळ्यांपुढे येतो. ज्या माणसावरून मी तो लिहिला त्याला दाढी नव्हती. तो रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचा, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावायचा आणि बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना भावोजी म्हणायचो.

त्या खिडकीला जाड काच होती आणि काचेला बोलण्यापुरतं गोल भोक. आत एक टेबल, गाड्यांची नोंदवही, भिंतीवर वेळापत्रकाचा फळा आणि टेबलावर वाकड्या मानेचा माईक. सव्वीस वर्षं भावोजी त्या माईकपुढे बसले. प्रत्येक गाडी दोनदा पुकारायची, दोन पुकारांच्या मध्ये एक श्वास घ्यायचा, तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" एवढं त्यांच्या तोंडून निघालं की फलाटावरचं रडणारं पोरही गप्प व्हायचं. आवाज स्वच्छ, खणखणीत, आणि त्यात कसलीही भावना नाही. गाडी वेळेवर आली काय आणि दरीत कोसळली काय, त्यांनी ती त्याच सुरात पुकारली असती.

घरीही तसेच. विनोद सांगितला तर संपल्यावर विचारायचे, "मग पुढे काय झालं?" जेवताना बोलायचं नाही, जेवून उठल्यावर बोलण्यासारखं काही नाही. माझी ताई हसरी, बोलकी. ती लग्नानंतर हळूहळू कमी बोलायला लागली. भांडण वगैरे काही नव्हतं. समोरून उत्तरच येत नसेल तर माणूस किती बोलणार?

मी एकटा. दिवसा नगर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी लिहायचो. दर रविवारी दुपारी ताईकडे जेवायला जायचो, न चुकता. तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती.

अशाच एका रविवारी हे सुरू झालं. उन्हाळा होता. भावोजी पानावरून नजर वर न करता म्हणाले, "जरा पाऊस लाव गं. फार उकडतंय."

ताईचा वाढणारा हात तसाच थांबला. "काय लावू?"

"पाऊस," भावोजी म्हणाले आणि डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

माझी भाची तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या नाकातून पाणी आलं, इतकी ती हसली. मग ताई हसली. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, पोट धरून हसली. भावोजी आमच्याकडे पाहत राहिले आणि मग, काय झालं ते नीट न कळताच, तेही हसले. त्या घरात भावोजींच्या बोलण्यावर कोणी हसल्याची ती पहिलीच वेळ. मी वर्तमानपत्राच्या कडेला ते वाक्य लिहून ठेवलं.

त्या सुमारास माझ्या मालिकेचा पहिला भाग छापून झाला होता. दोन भावंडं, एक हरवलेलं राज्य, वाटेत सात दरवाजे. प्रकाशक म्हणाले होते, "पोरं शूर आहेत, राक्षस भयंकर आहे, सगळं झकास. पण यात हसायला कोणी नाही हो. वाचणाऱ्या पोरांनी श्वास कुठे घ्यायचा?" मी आठवडाभर डोकं खाजवलं. मग वर्तमानपत्राचा तो तुकडा आठवला.

दुसऱ्या भागात गफलतनाथ आला, एका प्रसंगापुरता. बंद दरवाजापुढे उभा राहून, हात वर करून त्याला "दार उघड" म्हणायचं असतं. तो म्हणतो, "दात उघड." आणि आख्खा दगडी दरवाजा दात विचकतो. पुढच्या पानावर शत्रूवर बाणांचा वर्षाव करायचा तर आकाशातून बटणं पडतात. एवढंच. पण पत्रं आली ती सगळी त्याच्यासाठी. मुलांनी दात असलेल्या दरवाजाची चित्रं काढून पाठवली. प्रकाशकांचा फोन आला, "तो बावळट म्हातारा वाढवा."

वाढवायला माल लागतो, आणि माल दर रविवारी माझ्यासमोर जेवायला बसलेला असायचा.

आता भावोजींच्या तोंडून असले शब्द महिन्यातून दोन-चारदा येऊ लागले होते. चहा ढवळायला छत्री मागायचे. कुलपाची खिडकी कुठे ठेवलीस विचारायचे. शब्द सापडला नाही की वळसा घालून यायचे. शिडीला म्हणाले, "ती पायांची भिंत." मनगटावरच्या घड्याळाला म्हणाले, "वेळेची वाटी." मी वाहवा केली. "भावोजी, तुम्ही कवी आहात," असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. खिशात छोटी वही ठेवायला लागलो. पुढे पुढे तर मी वाट पाहणंही सोडलं. जेवणं झाली की हातात एकेक वस्तू धरून विचारायचो, "भावोजी, हे काय?" भाची टाळ्या पिटायला बसलेलीच असायची. ते बरोबर बोलले की आमचे चेहरे पडायचे आणि चुकले की घर दणाणायचं. त्यांना ते कळत असणार. बरोबर बोलल्याबद्दल शाबासकी मिळत नाही, हे कोणालाही कळतं.

आणि खरं सांगायचं तर ती वर्षं त्या घरातली सर्वांत सुखाची. ताई एकदा स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "वीस वर्षं मी एका वेळापत्रकाशी संसार केला रे. आता कुठे नवरा मिळालाय." पुन्हा गाणी गुणगुणायला लागली होती ती.

तिसरा भाग आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. मी पुस्तक भावोजींच्या हातात दिलं. ओळीखाली पट्टी धरून, नोंदवही तपासावी तसं त्यांनी ते तीन दिवस वाचलं. मग मला विचारलं, "हा मी आहे?"

"थोडासा," मी म्हणालो.

"हा मूर्ख आहे."

"मूर्ख नाही हो. गमत्या आहे. पोरांचा जीव आहे त्याच्यावर."

"जीव आहे?" त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते खिडकीच्या काचेला आतून टेकवून ठेवलेलं होतं, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला. वाहक-चालक त्यांना नाथ म्हणायला लागले. "काय नाथ, आज कुठली गाडी गायब करणार?" भावोजी मान डोलवायचे. इतक्या वर्षांत त्यांना तिथे कोणी नावाने हाक मारली नव्हती. लोक "ओ चौकशी" म्हणायचे.

पाचव्या भागाच्या वेळी वाचनालयात मुलांचा मेळावा भरवला. मी भावोजींना घेऊन गेलो. खुर्च्या कमी पडल्या, मुलं फरशीवर बसली. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून माझ्या शेजारी बसले होते. मुलं एकेक वस्तू वर धरून ओरडत होती, "हे काय? हे काय?" ते बोलत होते आणि छप्पर उडेल एवढा हशा होत होता. मग दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मुद्दाम चुकता का?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो. ते म्हणाले, "हो. मुद्दामच."

परत येताना आम्ही चालत होतो. चपलांच्या दुकानापाशी ते थांबले आणि म्हणाले, "अरे, मी मुद्दाम नाही करत."

"माहीत आहे की. म्हणूनच तर मजा येते."

"नाही. ऐक ना जरा." त्यांनी माझी बाही धरली. भावोजींनी मला हात लावल्याची दुसरी आठवण मला नाही. "शब्द असतो. मला दिसतो. फलाटाला लागतो. दार उघडतं... आणि त्यातून दुसराच माणूस उतरतो. दर वेळी दुसराच. आणि मी ज्याला घ्यायला गेलोय तो... तो..."

ते शब्द शोधत राहिले. आणि मी, देवाशपथ सांगतो, खिशातून वही काढली. एवढं सुंदर वाक्य. विसरून जाईन म्हणून तिथेच, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून, गुडघ्यावर वही टेकवून लिहायला लागलो. वर पाहिलं तेव्हा त्यांनी माझी बाही सोडलेली होती. माझ्या पेनाकडे ते पाहत होते.

"हं, बोला, पुढे?" मी म्हणालो.

"काही नाही," ते म्हणाले. "चल. उशीर होतोय."

ते वाक्य सहाव्या भागात आहे. पुष्कळ लोकांनी त्याची तारीफ केली. भावोजी त्यानंतर या विषयावर माझ्याशी कधीच बोलले नाहीत. ताईशीही नाही, भाचीशीही नाही.

खिडकीत काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. आधी लहानसहान. "फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गादी सुटण्याच्या तयारीत आहे," असं त्यांनी पुकारलं तेव्हा सगळं स्थानक हसलं. चहावाल्याने आठवडाभर तो किस्सा विकला. भावोजींनी मग सगळे पुकार कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काढले आणि ते समोर धरून वाचायला लागले. सव्वीस वर्षं जे झोपेतही आलं असतं ते वाचून म्हणायचं. काही महिने तेही निभावलं. कोणाला शंका आली नाही, कारण ते चुकले तरी लोक आधीच हसायला तयार असायचे. मी लोकांना तसं शिकवून ठेवलं होतं.

मग एका सोमवारी त्यांनी शहराकडची गाडी फलाट चारवर पुकारली. ती दोनवर होती. चारवर खाणीकडची गाडी उभी होती. बहुतेकांनी पाटी वाचली आणि ते दोनवर गेले. एक म्हातारं जोडपं चारवर चढलं. बाईंच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, शहरातल्या इस्पितळात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि नवऱ्याला वाचता येत नव्हतं. वाहक तिकिटासाठी त्यांच्यापाशी येईपर्यंत गाडी पार पुढे गेली होती; ती दोघं खाणीपाशी उतरली. तिथून परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. ऑपरेशनची तारीख गेली, पुढची मिळायला सात महिने लागणार होते.

म्हातारा तीन दिवसांनी खिडकीवर आला. त्याने आरडाओरडा केला नाही. भोकाशी तोंड नेऊन म्हणाला, "तुम्ही चार म्हणालात साहेब. मी दोनदा ऐकलं. तुम्ही दोनदा सांगता म्हणून मी तुमच्यावर विसंबतो."

भावोजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय आलं असेल तोंडात कोण जाणे. शेजारचा कारकून सांगतो की ते "बटण... बटण..." म्हणाले. म्हाताऱ्याला वाटलं, आपली थट्टा चाललीय. तो काचेवर थुंकला आणि निघून गेला.

स्थानकप्रमुखांनी भावोजींना आत बोलावलं. "नाथ, पुस्तकातली सोंगं पुस्तकात. इथे माणसं प्रवास करतात." त्यांना माईकवरून काढलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. घरी त्यांनी काहीच सांगितलं नाही. ताईला वाटत होतं, अजून खिडकीतच आहेत.

ती खोली मालधक्क्याच्या मागे. खिडकी नाही, एक पिवळा दिवा, छतापर्यंत लोखंडी मांडण्या. गाडीत विसरलेलं जे काही येईल त्याला चिठ्ठी बांधायची. वस्तूचं नाव, गाडीचा क्रमांक, तारीख, आणि मांडणीवर ठेवून द्यायचं. भाची तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात होती. एक दिवस भावोजी डबा विसरून गेले म्हणून ती द्यायला गेली. खिडकीत दुसराच माणूस दिसला. त्याने बोटाने मागे दाखवलं.

ती आत गेली तेव्हा बाबा तिच्याकडे पाठ करून बसले होते. मांडण्यांवर शे-दीडशे वस्तू आणि प्रत्येकीला चिठ्ठी. क्रमांक बरोबर, तारीख बरोबर. आणि वस्तूच्या नावाच्या जागी चित्र. छत्रीच्या चिठ्ठीवर छत्री काढलेली. चपलेवर चपला. पिशवीवर पिशवी, बंदांसकट, काळजीपूर्वक, शाळकरी मुलासारखी. साहेब म्हणे परवाच येऊन हसून गेले होते, "नाथांची नवी गंमत."

भाची हसली नाही. तिने एक छत्री उचलली, बाबांसमोर धरली आणि विचारलं, "बाबा, हे काय आहे?"

त्या घरात हा प्रश्न पाच वर्षं विचारला जात होता. पण या वेळी तो खरा विचारलेला आहे, हे भावोजींना समजलं असावं. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मान हलवली. नाही. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही चौघं गेलो. छोटी खोली, भिंतीवर मेंदूचा रंगीत तक्ता, टेबलावर चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. बाईंनी एकेक पत्ता दाखवला. कंगवा. शिडी. घोडा. चावी. चाळीसपैकी भावोजींना सहा आले. बाई शांतपणे लिहीत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या चुकांवर कोणी हसत नव्हतं आणि ते ताठ बसून, घाम पुसत, परीक्षा द्यावी तशी उत्तरं देत होते.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

"झाले असतील सहा-आठ महिने," ताई म्हणाली.

भाचीने पिशवी उघडली आणि माझी पाच पुस्तकं टेबलावर ठेवली, दुसऱ्या भागापासून सहाव्यापर्यंत. "पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "सगळं लिहून ठेवलंय मामाने. क्रमाने आहे."

बाईंना आधी कळेना. मग त्यांनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं. खुणेच्या पट्ट्या घातलेल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं त्या वाचत होत्या. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

"इथे एका शब्दाऐवजी दुसरा येतो," बाई स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "इथे वर्णनं सुरू होतात. इथे, चौथ्या भागात, वाक्यं तुटायला लागलीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढी तपशीलवार नोंद मला कुठल्याच पेशंटची मिळालेली नाही. हे लिहिणाऱ्याला काहीच वाटलं नाही?"

ताईने विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर बरे झाले असते का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. मेंदूतला भाषेचा भाग झिजत जातो, यावर औषध नाही. पण वेळ मिळाला असता. जे सांगायचं आहे ते शब्द असेपर्यंत सांगून घेता आलं असतं. त्यांना स्वतःला आपल्याला काय होतंय ते तरी कळलं असतं. पाच वर्षं ते एकटेच होते की यात."

भावोजी तक्त्याकडे पाहत होते. बोलणं त्यांना सगळं समजत होतं.

खाली रस्त्यावर आल्यावर ताई त्यांना घेऊन रिक्षा बघायला पुढे गेली. भाची माझ्याजवळ थांबली. "दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन तू माझ्या बाबाचा आजार लिहून नेत होतास, मामा."

मी मान खाली घालून ऐकून घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "तूही हसत होतीस."

"हो," ती म्हणाली. "हसत होते." आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, ती मोठ्याने रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तिने तो झटकला.

त्यानंतर भावोजी घरीच. शब्द भराभर गेले. आधी वस्तूंचे, मग माणसांचे. ताईला ते "अगं" म्हणत, ते बराच काळ टिकलं. सगळ्यांत शेवटपर्यंत राहिला तो गाड्यांचा पुकार. कधी दाढी करताना, कधी खिडकीत उभे असताना ते एकदम म्हणायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावं," पूर्वीसारखंच खणखणीत, एकही अक्षर न चुकता. ताई असेल तिथून धावत यायची, परत बोलायला लागले की काय म्हणून. दर वेळी धावायची. पुढे काही नसायचं.

मालिकेचा सातवा भाग राहिला होता. मी खूप दिवस लिहिलं नाही, मग लिहिलं. त्यात गफलतनाथाजवळ एकही मंत्र उरलेला नाही, चुकीचासुद्धा. दोन्ही भावंडं त्याचा हात धरून त्याला शेवटच्या दरवाजातून नेतात आणि वाटेत ती त्याच्याशी बोलत राहतात. मला वाटलं, निदान एवढं करू. प्रकाशकांनी ते वाचून कागद खाली ठेवले. "हे काय लिहिलंत? हा हसवत कुठे नाही. पोरं रडतील हो. कापून टाका ना हे प्रकरण."

मी भांडायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

छापलेल्या सातव्या भागात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे: गफलतनाथ सहाव्या दरवाजाशीच थांबला. मुलांची पत्रं अजून येतात. तो का थांबला? त्याला कोणी आणायला गेलं का? एकाही पत्राला मी उत्तर दिलेलं नाही.

रविवारी मी जातच होतो. ताईने ये म्हटलं नाही, येऊ नकोसही म्हटलं नाही. भाची माझं ताट वाढून दुसऱ्या खोलीत निघून जायची. मी भावोजींना भरवायचो. घास पुढे केला की ते माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहायचे. वही मी केव्हाच फेकून दिली होती. खिसा उलटा करून दाखवला एकदा त्यांना. ते बघत राहिले. समजलं की नाही, सांगता येत नाही.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक दुपार सांगतो. मी तिथेच होतो. जेवण झालेलं, ऊन पलंगावर आलेलं. भावोजी एकाएकी उठून बसले आणि त्यांनी ताईचं मनगट धरलं. डोळ्यांत काहीतरी ठाम आलं होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. तोंड हलत होतं, गळ्यातून आवाज निघत होता, शब्द नव्हता.

"पाणी हवंय का हो?" ताईने पाणी आणलं. त्यांनी मान हलवली. नाही. तिने शाल आणली. नाही. चष्मा आणला, रेडिओ आणला, लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून आणला. नाही. "पोरीला बोलावू?" भाची आली, समोर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मान पुन्हा तशीच हलवली. ते नव्हे. ताई घरभर फिरून वस्तू आणत होती. कात्री, देव्हाऱ्यातला दिवा, त्यांचा जुना गणवेश, बँकेचं पुस्तक, माझी पुस्तकंसुद्धा. पलंगाभोवती ढीग झाला. पाऊण तास चाललं ते. ताईला धाप लागली होती, तरी ती म्हणत होती, "सांगा ना हो, मी ओळखते, मी ओळखीन बघा." शेवटी त्यांनी तिचं मनगट सोडलं. ढिगाकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

फेब्रुवारीत ते गेले, सकाळी अकराच्या सुमारास, न्युमोनियाने. स्थानकावरचे चार-सहा जण आले होते. स्थानकप्रमुख हात जोडून म्हणाले, "फार हसवलं हो त्यांनी आम्हाला." ताईने मान डोलवली. भाची उठून आत गेली.

भाची आता दुसऱ्या गावी नोकरी करते. मुक्या झालेल्या माणसांना बोलायला शिकवतात ना, त्या कामात आहे. ताईला दर आठवड्याला फोन करते. मी तिथे असलो तर ताई फोन माझ्याकडे देत नाही. मी लिहिणं सोडलं. वाचनालयातून निवृत्त झालो. रविवारी अजून ताईकडे जेवतो, आम्ही दोघंच असतो. ती बहुधा गप्प असते. पण मधेच, हातातला घास तसाच ठेवून, विचारते:

"घराची चावी तर मागत नसतील ना रे? सगळं आणलं मी, चावी तेवढी नाही दाखवली."

मागच्या रविवारी ती म्हणाली, "खिडकी बंद कर म्हणत असतील का?"

मी म्हणतो, "असेल, ताई." ती थोडा वेळ विचार करते, मान हलवते, आणि जेवायला लागते.